डावीकडचा उन्हाळा

आमच्या गाडीत एकाच वेळी दोन ऋतू चालू आहेत, हे कळायला मला चार महिने लागले. तेही हात मोडला म्हणून कळलं. नाहीतर अजूनही मी उजवीकडच्या सीटवर, २१ डिग्रीत, मजेत गाणी ऐकत बसलो असतो.

सविस्तर सांगतो. आम्ही दोघं नाशिककर. घर गंगापूर रोडला, नोकऱ्या तिकडे खाली. माझं ऑफिस ठाण्यात, हिचं पवईला. दोघांचंही काम एरवी घरून, पण दर गुरुवारी ऑफिसला जाऊन तोंड दाखवायचं. पहाटे सहाला निघायचं, संध्याकाळी साडेचारला मी हिला पिकअप करायचं आणि परत. तुम्ही म्हणाल, काय हा वैताग. पण खरं सांगू का, आठवड्यातला तो आमचा एकच निवांत वेळ होता. घरात दोन लॅपटॉप, दोन हेडफोन, दोन वेगळ्या खोल्या. एकमेकांशी बोलायचं म्हणजे 'कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?' एवढंच. गाडीत मात्र चार-चार तास गप्पा. घर घेण्याचा निर्णय आम्ही घोटीच्या टोलनाक्यावर घेतलाय. मूल कधी, या विषयावरची पहिली धड चर्चा कसारा घाटात झाली, बहुतेक समोर ट्रक असल्यामुळे दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं म्हणून.

गाडी सेकंड हँड. नाव सांगत नाही, कारण कंपनीचा त्यात काही दोष नाही. नऊ वर्षांच्या गाडीकडून किती अपेक्षा ठेवायच्या? आम्ही ती घेतली ते तिच्या 'ड्युअल झोन क्लायमेट कंट्रोल'साठी. म्हणजे उजव्या माणसाचं तापमान वेगळं, डाव्या माणसाचं वेगळं. दोन गोल बटणं, दोन आकडे. विकणारा पोरगा म्हणाला होता, "सरांसाठी २१, मॅडमसाठी २५. भांडणच नको!" आम्ही दोघंही हसलो होतो. घरच्या एसीच्या रिमोटवरून आमच्यात जे काही व्हायचं, त्यावर हा जालीम उपाय वाटला होता.

माझं लहानपण बिनाएसीच्या मारुती ८०० मध्ये गेलं. मे महिन्यात मुंबईला निघायचं म्हणजे आई नॅपकिन ओले करून प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यायची आणि घाट चढून वर आलं की बाबा गाडी बाजूला लावून बॉनेट उघडायचे. तेव्हा नाशिकच्या लोकांचा एक ठरलेला तोरा असायचा, 'आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही हो.' आता कॉलेज रोडवरून मान वर करून बघा, एकही बाल्कनी एसीच्या डब्याशिवाय नाही. असो.

तर, २०२४च्या डिसेंबरात गाडीची बॅटरी बसली. नवी टाकली. त्याच आठवड्यात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या, दरवर्षीप्रमाणे. गुरुवारी पहाटे निघालो तर बायको म्हणाली, "अरे, माझ्या बाजूला काय मस्त ऊब येतेय." मी म्हटलं, बघ, गाडी तुझी काळजी घेते. जानेवारीभर ती खूश होती.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने पहिल्यांदा सांगितलं, "माझ्याकडे गार हवाच येत नाहीये." मी ड्रायव्हिंग करताकरता तिचा आकडा २५ वरून २२ वर आणला आणि विषय संपवला. पुढच्या गुरुवारी परत तेच. मी २० केला. त्याच्या पुढच्या वेळी तिने स्वतःच 'लो' करून ठेवला होता आणि तरीही ओढणी खिडकीच्या काचेत अडकवून बसली होती.

"तुझ्या बाजूनं ऊन येतंय ना, म्हणून," मी म्हणालो.

आता यातली गंमत बघा. मी खोटं बोलत नव्हतो. नाशिकहून ठाण्याकडे रस्ता ढोबळमानाने नैर्ऋत्येला जातो, म्हणजे सकाळचं ऊन डावीकडून. संध्याकाळी परत येताना तोंड ईशान्येला, म्हणजे मावळतीचं ऊनसुद्धा डावीकडूनच! जाताना-येताना दोन्ही वेळा डाव्या सीटवर ऊन. इतकं शास्त्रशुद्ध कारण हाताशी असताना माणूस दुसरं कशाला शोधेल?

शिवाय मी थोडं वाचलेलंही होतं, आणि अर्धवट वाचलेला नवरा म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांचा एक पेपर गाजला होता. ऑफिसातल्या एसीचं गणित १९६०च्या दशकातल्या एका सूत्रावर बसवलेलं आहे आणि त्या सूत्रात चाळिशीचा, सत्तर किलोचा पुरुष धरलाय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जगभरच्या ऑफिसांत बायका शाली पांघरून बसतात. हे मी तिला पूर्वी कौतुकाने वाचून दाखवलं होतं. आता तेच उलटं वापरलं. "बायकांना तर गार वाजतं म्हणे. तुलाच कसं गरम होतं? थायरॉईड चेक करून घेऊया का?"

ती काही बोलली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि कानात हेडफोन घातले. गाडीत. आमच्या गाडीत!

मार्चमध्ये मी गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. 'एसीचं कूलिंग कमी वाटतंय' असं लिहून दिलं. कुठल्या बाजूला, ते लिहिलं नाही. त्यांनी गॅस भरला, बावीसशे रुपये घेतले. गाडी ताब्यात देताना ॲडव्हायझर ड्रायव्हरच्या सीटवर बसला, समोरच्या जाळीपुढे हात धरला आणि म्हणाला, "चिल्ड, सर." मीही हात धरला. चिल्डच होतं. घरी येऊन जाहीर केलं, "झालं गं तुझं काम."

पुढच्या गुरुवारी शहापूरच्या आधीच तिने सांगितलं, "नाही झालं."

"अगं, मी स्वतः चेक केलंय."

"आणि ते टकटक वाजतं त्याचं काय?"

"कसलं टकटक?"

"गाडी चालू केली की माझ्या गुडघ्यासमोर वाजतं. मी दोनदा सांगितलंय तुला."

मी गाण्याचा आवाज कमी करून ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. जुन्या गाडीचं प्लॅस्टिक आहे, वाजणारच, असं म्हणून आवाज परत वाढवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "मी या गुरुवारी पंचवटीनं जाते." पंचवटी एक्सप्रेस म्हणजे नाशिककरांची जीवनवाहिनी, पिढ्यान्‌पिढ्या पासवाले तिने मुंबईला जाऊन आलेत. एसी चेअर कार आहे, तिला बरं पडतं, दादरला उतरून पुढे लोकल. म्हटलं जाऊ दे, बदल हवा असेल. त्याच्या पुढच्या गुरुवारीही पंचवटी. तिसऱ्या आठवड्यासाठी तिने तिकीट आधीच काढून ठेवलेलं मला तिच्या मोबाईलवर दिसलं.

इथे मी थोडा घाबरलो. एसीमुळे, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ती माझ्यापासून लांब जायला बघतेय. कसाऱ्यात झालेल्या त्या मुलाच्या चर्चेनंतर मी 'बघू, पुढच्या वर्षी' म्हणालो होतो, त्याचा राग असेल. मी एकटाच गाडी चालवत ठाण्याला जायचो, शेजारच्या रिकाम्या सीटवर लॅपटॉपची बॅग, आणि सगळ्या रस्त्याने काय बोलायचं याची तालीम करायचो. घरी आल्यावर मात्र कुकरच्या शिट्ट्या.

आणि मग सोसायटीच्या क्रिकेटमध्ये कॅच घ्यायला गेलो आणि उजवं मनगट मोडून घेतलं. (कॅच सुटला. तेही नोंदवून ठेवतो.) सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्याच गुरुवारी माझं ठाण्यात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. ट्रेनच्या गर्दीत प्लास्टर घेऊन कसा चढणार? तिने न बोलता आपलं तिकीट कॅन्सल केलं आणि किल्ली उचलली.

तर अशा रीतीने, गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच, मी माझ्या गाडीत डावीकडे बसलो.

सकाळी जाताना फार काही जाणवलं नाही, सहाचा गारवा होता, मी स्लाइड्स बघत होतो. खरा सिनेमा परतीच्या वाटेवर. पडघ्याच्या पुढे, पाच वाजलेले, एप्रिलची अखेर. समोरच्या जाळीतून हवा येत होती, भरपूर येत होती, पण केस वाळवायच्या मशीनची असते तशी. प्लास्टरच्या आत घाम उतरला आणि खाज सुटली. मी आकडा खाली केला. १९. १८. 'लो'. काही फरक नाही. डावा हात लांब करून तिच्या समोरच्या जाळीपुढे धरला. बर्फ.

परत माझ्या जाळीपुढे धरला. परत तिच्या.

ती रस्त्याकडेच बघत होती. "ऊन येतंय ना तुझ्या बाजूनं, म्हणून," ती म्हणाली.

मी खिडकी खाली केली. गरम वारा, डिझेलचा धूर आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचा क्लीनर, डोक्याला ओला पंचा बांधलेला. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना लागू झालाय. तो पंचावाला मात्र जुन्याच ट्रकमध्ये होता आणि बहुधा अजूनही असेल. आमची नजरानजर झाली. एरवी बंद काचेच्या गाडीतून आपण या लोकांकडे बघतही नाही.

"तू असंच बसायचीस?" मी विचारलं. "फेब्रुवारीपासून?"

"मी तुला सांगत होते."

बस, एवढंच. रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. मग इंजिन चालू असतानाच तिने गाणी बंद केली, एसी बंद करून पुन्हा चालू केला. माझ्या गुडघ्यासमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, स्पष्ट: टक टक टक टक टक. दहा-बारा वेळा. मग शांत.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. या वेळी डावी बाजू म्हणून ठणकावून सांगितलं. त्यांनी संध्याकाळी फोन केला: पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आतलं अख्खं युनिट बदलावं लागेल, अडतीस हजार, शिवाय लेबर. मी हादरलो. बायको म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी दाखवूया." तिच्या ऑफिसातल्या एका नाशिककराने वडाळा नाक्याकडच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याची शेड, पुढे कडुनिंबाचं झाड, बाहेर दोन टेम्पो आणि एक कधीकाळची ॲम्बेसेडर. मालकाला सगळे अण्णा म्हणत होते. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीला बांधलेला.

मी सुरू केलं, "अण्णा, गॅस भरला होता मार्चमध्ये, पण मला वाटतं कॉम्प्रेसर..."

"या बाजूला बसतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," बायको म्हणाली.

"मग तुम्ही सांगा ताई."

आणि तिने सांगितलं. मी प्लास्टर सावरत कडुनिंबाखाली ऐकत होतो. डिसेंबरात बॅटरी बदलली, त्याच आठवड्यापासून टकटक. आधी थंडीत हवा कोमट यायची, बरं वाटायचं. हवेचा जोर कमी झालेला नाही, फक्त गार होत नाही. आकडा बदलला तरी फरक नाही. घाटात आणि सपाटीला सारखंच. गॅस भरल्यावर काही बदललं नाही. टकटक फक्त चालू करताना आणि आकडा फिरवताना. अण्णा मान डोलवत होते. इतकी व्यवस्थित केस हिस्टरी मी डॉक्टरला माझ्या मनगटाचीसुद्धा दिली नव्हती.

अण्णांनी दोन वायरवाले थर्मामीटर काढले, एक डाव्या जाळीत खोचला, एक उजव्या. दोन्ही बाजू 'लो'वर. दहा मिनिटांनी उजवीकडे ८, डावीकडे ३१. मग दोन्ही बाजू 'हाय' केल्या. उजवीकडचा आकडा चढत चढत पन्नाशीला गेला. डावीकडे ३१चे ३२ झाले आणि तिथेच थांबले.

"गॅसचा प्रॉब्लेम नाही," अण्णा म्हणाले.

मी विचारलं कसं काय. आणि मग त्यांनी जे समजावलं ते ऐकून मला गाडी चालवायला लागून पंधरा वर्षं झाल्याची लाजच वाटली. घरच्या एसीत आपण आकडा बदलतो तेव्हा मशीन कमी-जास्त चालतं. गाडीत तसं नसतं. गाडीच्या पोटात दोन छोटे रेडिएटरसारखे खण असतात. एकात एसीचा गॅस फिरतो, तो बर्फागत. दुसऱ्यात इंजिनचं उकळतं पाणी फिरतं, तो तापलेला. म्हणजे थंडी आणि उष्णता दोन्ही कायम तयार! मध्ये एक प्लॅस्टिकची झडप असते, ती ठरवते की हवेतला किती भाग गरम खणातून न्यायचा. आपण आकडा फिरवतो तेव्हा ती झडप सरकते, इतकंच. दोन झोनच्या गाडीत मशीन एकच, पण झडपा दोन, आणि प्रत्येकीला सरकवायला आगपेटीपेक्षा जरा मोठी एक मोटर.

"गॅस कमी झाला तरी एक बाजू गरम होते कधीकधी," अण्णा म्हणाले. "थंड खण पूर्ण गार होत नाही ना, अर्धाच होतो. म्हणून त्यांनी गॅस भरला, ते काही वेडे नाहीत. पण तसं असतं तर 'हाय' केल्यावर डावीकडचं वर तरी गेलं असतं. हे हलतच नाही. झडप मधेच अडकली."

आणि टकटक? मोटर फिरायला बघते, आतलं दातेरी चाक घसरतं. बॅटरी काढून लावली की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर सगळ्या झडपा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो, मोजमाप घेतो. चाकाचे दात आधीच झिजले असतील तर त्या वेळी तुटतात. बॅटरी, डिसेंबर, टकटक. ताईंनी सांगितलेलं सगळं जागच्या जागी बसलं.

डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही. काही गाड्यांत लागतो म्हणे, या गाडीत नाही. अण्णांनी ग्लोव्ह बॉक्स काढला. त्यातून आमचं काय काय निघालं: ओल्या नॅपकिनचा डबा. आईच्या वेळेसारखाच. तिने कधी ठेवला, मला पत्ता नाही. अण्णा पाठीवर आडवे होऊन, डोकं खाली घालून, टॉर्च दातात धरून आत शिरले. तीन स्क्रू काढले आणि मोटर बाहेर. तिच्या जागी एक चौकोनी दांडी दिसत होती. "ताई, हात घाला. हळू फिरवा, उजवीकडे."

तिने हात घातला. काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि पाच सेकंदांत जाळीतून गार हवा. थर्मामीटरवर २४, १९, १४, १०. तिने डोळे मिटले आणि नुसती चेहरा पुढे करून बसून राहिली. मी बाहेर उभा. काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या वेळी सॉरी म्हणणंही फार स्वस्त वाटलं असतं, म्हणून चहा सांगायला गेलो.

अण्णांनी मोटर उघडून दाखवली. पांढरं प्लॅस्टिकचं चाक, नाण्याएवढं, दोन दात गायब. चार महिने कशावरून चाललं होतं, तर यावरून. नवी मोटर नाशिकमध्ये नव्हती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे मेलेल्या गाड्यांचे अवयव मिळतात, तिथून चांगल्या अवस्थेतली मागवतो म्हणाले. तोपर्यंत झडप पूर्ण गारव्याकडे लावून, तारेने बांधून दिली.

चहा पिताना मी विचारलं, एसीचं काम कुठे शिकलात. अण्णा मूळचे पिंपळगाव बसवंतकडचे, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वीस वर्षं काढलेली. एक्सपोर्टची द्राक्षं तोडली की आधी काही तासांत चार डिग्रीपर्यंत आणायची, मग झिरोच्या आसपास ठेवायची, मग रीफर कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवाला. मध्ये कुठे गरम झाली की देठ सुकतात, मणी गळतात, आणि युरोपातला गिऱ्हाईक कंटेनर घेत नाही.

"दारावरच्या मीटरवर बरोबर दिसायचं हो," ते म्हणाले. "झिरो म्हणजे झिरो. आणि मागच्या कोपऱ्यातल्या पेट्या सडलेल्या. मीटर दाराशी, हवा कोपऱ्यात पोचत नाही. मग आम्ही कोपऱ्या-कोपऱ्यात थर्मामीटर टांगायला लागलो. पेटी काय सांगते का आपल्याला, की मला गरम होतंय म्हणून?"

बायको चहाच्या ग्लासात बघून हसली. मी नाही हसलो.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे वाचायला बसलो. (सवय काही जात नाही.) पहिल्यांदा गाडीत कंपनीने एसी बसवून दिला तो अमेरिकेतल्या पॅकार्डने, १९३९ मध्ये. मशीनने अर्धी डिकी व्यापलेली, आणि गंमत म्हणजे बंद करायची सोयच नाही. गार वाजलं तर गाडी थांबवा, खाली उतरा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढा! आकडा लावला की आपोआप तापमान सांभाळणारी पद्धत कॅडिलॅकने १९६४च्या मॉडेलमध्ये आणली. हे सगळं मी तिला वाचून दाखवणार होतो. मग लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, "मुलाचं आपलं बोलणं झालं होतं ना कसाऱ्यात. तेव्हा तू अजून काहीतरी म्हणणार होतीस."

"तेव्हा तू गाण्याचा आवाज वाढवलास," ती म्हणाली.

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, गाणं कोणतं होतं तेसुद्धा. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत जागे होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, ते आमचं आहे. पण तिचे बरेच मुद्दे मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ती ते पहिल्यांदा सांगत नव्हती.

मोटर सहा दिवसांनी आली. दोन हजार आठशे मोटरचे, नऊशे मजुरी. अण्णांनी चार रुपयांची तारसुद्धा परत काढून घेतली. जुनं चाक मी मागून घेतलं, ते आता गाडीच्या सुट्ट्या पैशांच्या खणात असतं.

५ जूनला समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला. त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही पहिल्यांदा तिथून गेलो. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, मनगट अजून कडक, म्हणून गाडी तीच चालवत होती. कसारा घाट बाजूला राहिला आणि इगतपुरीचा तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागला. घाटात ट्रकच्या मागे रांगत जायचो, त्याच डोंगराच्या पोटातून आता काही मिनिटांत बाहेर. बोलायला वेळ कमी पडणार, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग हळू चालवते.

परत येताना मी उजवीकडे बसलो, मनगटाची ट्रायल म्हणून. ती डावीकडे. पडघा गेलं, ऊन नेहमीसारखं तिच्याच बाजूला. मी माझा आकडा २१ लावला आणि सहज तिच्याकडे पाहिलं. तिने २६ लावला होता.

"चार महिने 'गरम होतंय, गरम होतंय' आणि आता २६?"

"मला २६च लागतं," ती म्हणाली. "आधी कधी विचारलंस?"

मी गाणी लावायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

"बरं, आणि शनिवारी अण्णांकडे जायचंय," ती म्हणाली. "मागच्या सीटला हवा कमी येते. मी परवा बसून बघितलंय."

"मागे कोण बसणार आहे आपल्या?"

तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.